आडनावे वेगळी आहेत!

दिवाळी आली की आम्हां मराठी माणसांना दोन गोष्टींचा ध्यास लागतो : फराळाचे डबे रिकामे करायचे आणि कुठे तरी प्रवासाला निघायचे. वाचकहो, तुमच्यापैकी कित्येकजण हा अंक पिशवीत घालून निघालेही असाल. तुमच्या आनंदावर विरजण घालावे असा माझा मुळीच हेतू नाही. परंतु उद्या ज्या लॉजच्या टेबलाशी उभे राहून तुम्ही रजिस्टरात नाव लिहाल, त्या टेबलाशी माझे एक जुने भांडण आहे. ते टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाशी जितके आहे तितकेच अलीकडे उभ्या असलेल्यांशी, म्हणजे तुमच्याशी आणि माझ्याशी आहे. म्हणून ते सणाच्या दिवसांतच मांडतो. एरवी अशा गोष्टी ऐकायला आपल्याला सवड कुठे असते?

आधी एक कबुली देऊन टाकतो. मी शहराच्या पोटातल्या लहान लॉजचा भक्त आहे. मोर्शीसारख्या तालुक्याच्या गावात मास्तरकी करीत कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला पुण्याला वर्षातून दोनतीनदा जावेच लागते. कधी मुद्रिते तपासायला, कधी प्रकाशकाच्या दारात नुसतेच बसायला. अशा वेळी गावाबाहेर हमरस्त्यावर उभ्या असलेल्या, काचेच्या दारांच्या मोठ्या हॉटेलाचा मला काय उपयोग? तिथून गावात यायला भाडे, परतायला भाडे, आणि मधल्या वेळात खिडकीतून दिसतो तो सिमेंटचा पूल. याउलट पेठेतल्या लॉजचा अरुंद जिना उतरला की पाऊल थेट शहरात पडते. अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकाने चार पावलांवर. बहिणीने सांगितलेल्या भांड्याकुंड्यांसाठी तुळशीबाग शेजारी. पहाटे दुकानांच्या फळ्या निघायच्या आत फिरायला गेले तर शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आपल्या एकट्यासाठी उभा असतो. 1730 साली ज्याचा पाया घातला आणि 1828 च्या आगीत ज्याच्या आतल्या इमारती जळून गेल्या, त्या वाड्यापाशी गर्दी नसताना उभे राहणे हे ज्याने अनुभवले नाही त्याने पुणे पाहिले असे मी म्हणणार नाही. हे सारे सुख देते ती लॉजची आठ फूट बाय दहा फुटांची खोली. भिंतीला ओल असते, बादलीचा कान तुटलेला असतो, उशीला कुणा अनोळखी माणसाच्या तेलाचा वास येतो. असू द्या. मी तक्रार करणार नाही. माझे भांडण खोलीशी नाही, खोलीच्या किल्लीशी आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातली गोष्ट. माझी धाकटी बहीण दर्यापूरकडे दिलेली. मेहुणे अकाली गेले, तेव्हापासून अंगणवाडीतल्या नोकरीवर तिने संसार ओढला आणि मुलीला शिकवले. भाचीला पुण्यातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून आम्ही तिघे बडनेऱ्याहून रात्रभर रेल्वेचा प्रवास करून पुण्यात उतरलो. मुलीला वसतिगृहात पोहोचवले आणि आम्ही दोघे एका लॉजवर गेलो. मॅनेजरने आमची आधार कार्डे घेतली, एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा तिच्याकडे, आणि कार्डे टेबलावर परत सरकवली.

"आडनावे वेगळी आहेत," तो म्हणाला.

"बहीण आहे ही माझी."

"सगळे तसंच सांगतात."

वाचकहो, मी चाळिशी ओलांडलेला माणूस आहे. वर्गात साठ पोरांना नजरेच्या धाकाने गप्प बसवतो. पण त्या क्षणी माझ्या तोंडून शब्द फुटेना. बहिणीने मान खाली घातली, पिशवी उचलली आणि म्हणाली, "चाल दादा, दुसरीकडे पाहू."

लग्न झालेल्या बहिणीचे आडनाव भावापेक्षा वेगळे असणार नाही तर काय असणार? साऱ्या महाराष्ट्रात असा एक तरी भाऊ दाखवा ज्याच्या सासरी गेलेल्या बहिणीने आडनाव बदलले, आणि ज्याच्यावर यामुळे संशय घ्यायचा कुणाला अधिकार पोहोचला! आडनाव बदलायला लावणारा समाज तोच, आणि आडनाव बदलले म्हणून बोट दाखवणाराही तोच. ज्या भूमीत भाऊबीज नावाचा सण आहे, त्या भूमीत भावाने बहिणीसोबत उतरायचे तर नात्याचा दाखला कुणाच्या सहीशिक्क्याचा आणायचा?

दुसऱ्या लॉजवर एक वृद्ध मालक बसले होते. त्यांनी कार्डे पाहिली, चष्म्यावरून आमच्याकडे बघितले आणि विचारले, "वऱ्हाडातले का? मग संत्री नाही आणलीत ती?" बहीण हसून म्हणाली, "या दिवसांत कुठली आली संत्री!" त्यांनी किल्ली दिली. आडनावांचा उच्चारही केला नाही. माणूस ओळखायला त्यांना एवढे पुरले. मी मनात म्हटले, चला, एक वाईट भेटला तर एक चांगला भेटला, हिशेब चुकता झाला. आम्हां मध्यमवर्गीयांना हिशेब असा चुकता करण्याची फार घाई असते.

हिशेब चुकता झाला नव्हता. सप्टेंबरात भाचीला डेंग्यूचा ताप भरला. माझ्या शाळेत परीक्षा चालू. बहीण एकटी निघाली. गाडी उशिरा पोहोचली, रात्रीचे अकरा वाजून गेले. वसतिगृहाचे दार त्या वेळी पालकांना उघडत नाही. ती त्याच ओळखीच्या लॉजवर गेली. वृद्ध मालकांच्या जागी आता एक तरुण बसला होता आणि त्याच्या डोक्यावर नवी पाटी होती : फक्त कुटुंबासाठी. "एकट्या बायकांना आम्ही देत नाही," तो म्हणाला. शेजारच्या लॉजवर तेच उत्तर. तिसऱ्या लॉजवर तर प्रश्न आला, "मिस्टर कुठे आहेत?" मिस्टर कुठे आहेत ते तिने सांगितले नाही. ती रिक्षा करून स्टेशनावर परत गेली आणि बायकांच्या प्रतीक्षालयातल्या बाकावर पहाटेपर्यंत बसून राहिली. पोरगी तिकडे तापाने फणफणत होती आणि आई इकडे घड्याळाकडे बघत होती.

हे मला कळले दीड महिन्याने, भाऊबीजेच्या दिवशी. तिने मला ओवाळले, मी तबकात नोट टाकली आणि सहज विचारले, "त्या रात्री उतरली कुठं?"

"स्टेशनावर."

"अन् मले फोन काहून नाही केला?"

तबकातली वात सारखी करीत ती म्हणाली, "तू इथून काय केलं असतं, दादा?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पण गप्प बसण्याचे कारण तेवढेच नव्हते, आणि तेही आज सांगून टाकतो. कारण दुसऱ्याकडे बोट दाखवणाऱ्याने आपला हात आधी उजेडात धरावा.

आमच्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात तिथे श्रीगोविंदप्रभू वावरले, म्हाइंभटांनी लीळाचरित्र तिथेच सिद्ध केले, आणि मराठी गद्याची पहिली पाने त्या मातीत उमटली. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण जिचा गौरव करतो, त्या महदाइसेचे धवळे रिद्धपूरचे. 2024 पासून तिथे मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले आहे. साहजिकच अभ्यासू माणसे आता आमच्या भागात येतात, आणि मुक्कामाला पुष्कळदा मोर्शी गाठतात. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी चहाच्या टपरीवर बसलो होतो. माझ्या ओळखीचे एक लॉजवाले जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, एक बाई आली हाये, एकटीच. रिद्धपूरले पोथ्या पाहाले आलो म्हंते. खोली देऊ का काय करू?" मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "कायले लफडं घेता बाप्पा!"

बस्स. एवढेच. त्यांनी खोली दिली नाही. ती बाई शेवटच्या बसने अमरावतीला गेली असेल, किंवा नसेलही. मी चौकशी केली नाही. महदाइसा बालविधवा होती. सातशे वर्षांपूर्वी अशी बाई गावोगाव हिंडत आली तर तिला रिद्धपुरात ठाव मिळाला. तिच्या ओव्यांचा अभ्यास करायला आलेल्या बाईला त्याच तालुक्यात एका मराठीच्या मास्तराच्या सल्ल्याने जागा नाकारली गेली. पुण्यातल्या त्या तीन टेबलांच्या मागे जो बसला होता, तो मीच होतो. माझ्या बहिणीला स्टेशनावर बसवणारे वाक्य मी स्वतः मोर्शीच्या टपरीवर उच्चारून ठेवले होते. ते फिरत फिरत माझ्याच घरी आले, इतकेच.

आता लॉजवाल्यांची बाजू ऐकू. ती ऐकली नाही तर माझे भांडण एकतर्फी ठरेल. ते तीन कारणे सांगतात.

पहिले कारण पोलिसांचे. काही बरेवाईट घडले तर चौकशा, फेऱ्या, बदनामी. हे दुःख खरे आहे आणि लहान मालकाला ते जास्त भोगावे लागते. पण त्यावरचा उपाय टेबलावरच पडलेला आहे. त्याला रजिस्टर म्हणतात. ओळखपत्र पाहावे, नोंद करावी, सही घ्यावी. कोण आले होते ते सांगता यावे म्हणून रजिस्टर असते, कोणाला माणूस मानायचे ते ठरवण्यासाठी नसते. इंग्रज सरकारने 1867 साली सराईंचा कायदा केला. त्यात सराईवाल्याची कर्तव्ये नेमून दिली : खोल्या, ओसऱ्या आणि मोऱ्या स्वच्छ ठेवाव्यात, विहिरीचे पाणी नीट राखावे, पहारेकरी नेमावेत, साथीच्या रोगाने कोणी आजारी पडल्यास खबर द्यावी, दराचे पत्रक लावावे. उतारूचे चारित्र्य तपासावे असे कर्तव्य त्या परक्या सरकारलाही सुचले नव्हते.

दुसरे कारण बाईच्या सुरक्षिततेचे. हे ऐकून तर हसावे की रडावे कळत नाही. रात्री अकरा वाजता कडी असलेल्या खोलीत बाई असुरक्षित, आणि त्याच वेळी रस्त्यावर सुरक्षित! ज्याला तिची एवढी काळजी आहे त्याने जिन्यातला दिवा दुरुस्त करावा, दाराची कडी घट्ट बसवावी, रात्रीच्या पोऱ्याला दार न वाजवण्याची ताकीद द्यावी. काळजी म्हणतात ती याला. दार लावून घेण्याला दुसरे नाव आहे.

तिसरे कारण मात्र खरे आणि म्हणूनच बोचणारे आहे. ते म्हणतात, "मास्तर, एकट्या बाईला ठेवली तर कुटुंबवाले येत नाहीत." म्हणजे कोण? म्हणजे आपण. काउंटरशी वाकून, बायकोला ऐकू जाणार नाही अशा आवाजात "लॉज चांगल्या वस्तीची आहे ना हो?" असे विचारणारे आपण. ती पाटी मालकाने रंगवली असेल, पण तिचा मजकूर आपण सांगितलेला आहे. 'फक्त कुटुंबासाठी' वाचून आपल्याला बरे वाटते. मग ज्या बाईच्या कुटुंबातला एकजण वारला आणि दुसरी तापाने पडली आहे, ती कुटुंब नव्हे काय? कुटुंब म्हणजे काय फक्त शर्टाच्या खिशात पाकीट असलेला पुरुष?

आणि हा सोवळेपणा पाळला जातो कुठे, तेही पाहा. दिवसाला सात हजार घेणाऱ्या काचेच्या दाराशी बाई एकटी उतरली तर दरवान सलाम करतो आणि तिची पेटी उचलतो. 'मिस्टर कुठे आहेत' असे तिथे कोणी विचारत नाही. चारित्र्य नावाची वस्तू आपल्याकडे हजार रुपयांच्या आतल्या खोलीतच तपासली जाते. गरिबाच्या बाबतीत भेद न पाळण्याचे सरकारलाही अधूनमधून सुचते, पण ते कर लावताना. 18 जुलै 2022 पूर्वी दिवसाला हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर वस्तू व सेवा कर नव्हता. त्या दिवसापासून 12 टक्के लागला, म्हणजे नऊशेच्या खोलीला आणि सात हजारांच्या खोलीला एकच दर. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांचा दर 5 टक्क्यांवर आला, हे बरे झाले. पण नऊशेची खोली पूर्वीसारखी मोकळी काही झाली नाही. लहान लॉजवाल्याने याविरुद्ध आवाज उठवावा, मी त्याच्या शेजारी उभा राहीन. मात्र जो स्वतः दार लावतो, त्याच्यासाठी दुसऱ्याने दार उघडावे असे म्हणायला तोंड कुठून आणायचे?

कारण लॉज हे काही किराणा दुकान नव्हे. वाटसरूला छप्पर देणे हा धंदा खरा, पण धर्मही आहे, आणि तो शिकायला आम्हां वऱ्हाडी माणसांना लांब जायला नको. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरात ज्यांना कोणी उंबऱ्याशी उभे करीत नव्हते त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. साऱ्या महाराष्ट्राला उतरायला जागा देणारा हा माणूस स्वतः मात्र 20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ वाटेतच गेला. त्यांच्या नावाची धर्मशाळा दादरला आहे. टाटा रुग्णालयात कर्करोगावर इलाज करायला आलेली माणसे आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. तिथे आजाऱ्याची आई एकटी आली म्हणून परत पाठवावी, ही कल्पना तरी करवते का?

आणि लॉजला हलकी जागा समजणाऱ्यांनी एवढे आठवावे की 31 जुलै संपून 1 ऑगस्ट 1920 उजाडण्याच्या त्या मध्यरात्री लोकमान्यांनी देह ठेवला तो मुंबईच्या सरदारगृहात. क्रॉफर्ड मार्केटजवळचे ते सरदारगृह म्हणजे उतारूंची जागाच होती.

जागा नाकारण्याचा इतिहासही आपल्याला आहे. विलायतेहून शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर 1917 साली बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले, तेव्हा त्यांना राहायला कोणी जागा देईना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लिहून ते राहिले. बातमी फुटली, काठ्या घेऊन माणसे आली आणि त्यांना बाहेर पडावे लागले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. पुढे राज्यघटनेचा मसुदा ज्यांच्या देखरेखीखाली झाला ते हेच. त्या घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. मी मास्तर काही कायद्याचा पंडित नव्हे, पण त्या यादीतला 'लिंग' हा शब्द मला वाचता येतो. जातीवरून 'खोली नाही' म्हणायला आज निदान जीभ अडखळते. बाई आहे म्हणून 'खोली नाही' म्हणायला मात्र ती अडखळत नाही. उलट असे म्हणणारा आपल्याला सभ्य वाटतो.

ज्या पेठांत माझी बहीण त्या रात्री फिरली, तिथेच भिडेवाडा होता. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती तिथे. ती जुनी इमारत 2023 च्या डिसेंबरात पाडण्यात आली, स्मारक उभारण्यासाठी. स्मारक व्हावे, भव्य व्हावे. पण सावित्रीबाई अंगावर शेणमाती झेलत एकट्या शाळेत जात असत, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. आणि त्या शाळेच्या आसपास आजही एकट्या बाईला रात्री पाठ टेकायला जागा मिळत नसेल, तर ते स्मारक पाहायला तिने यायचे तरी कसे? की तेही 'फक्त कुटुंबासाठी'?

माझे मागणे मोठे नाही. लॉजवाल्यांनी दोन गोष्टी कराव्यात. 'फक्त कुटुंबासाठी' ही पाटी उतरवावी. तिच्या जागी दराचे पत्रक लावावे आणि त्याच्याखाली एक ओळ लिहावी : एकट्या स्त्रीस खोली मिळेल. आडनाव वाचावे, पण ते नोंदीसाठी. आणि वाचकहो, तुम्ही एकच गोष्ट करावी. या सुटीत जिथे उतराल तिथे किल्ली हातात घेण्याआधी, बायकोमुलांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात विचारावे, "तुमच्याकडे एकट्या बाईला खोली देता का?" उत्तर 'नाही' आले तर पिशव्या उचलाव्यात आणि पुढच्या लॉजवर जावे. थोडी पायपीट होईल. मुले कुरकुरतील. त्यांना कारण सांगावे. धंद्याची भाषा लॉजवाल्याला लवकर कळते, आणि ती बोलण्याची ताकद आपल्या हातात आहे, कारण पाटी आपल्याच नावाची आहे.

मी स्वतः त्या ओळखीच्या लॉजवाल्यांकडे गेलो होतो. म्हणालो, "त्या दिवशी मी चुकलो. यापुढे एकटी बाई आली तर खोली द्या, आणि पोलीस आले तर माझं नाव सांगा." त्यांनी डोके खाजवले आणि म्हणाले, "पाहू, मास्तर." 'पाहू' म्हणजे वऱ्हाडात 'हो' नव्हे, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी पुन्हा जाणार आहे.

यंदाही भाऊबीजेला बहीण ओवाळील. तबकात नोट टाकीन तेव्हा तिचा तो प्रश्न मला पुन्हा ऐकू येईल : तू इथून काय केलं असतं, दादा? इथून एवढे करता आले, ते केले आहे. पुढचे तुमच्या गावच्या टेबलाशी आहे.